२,९१,९५२ रुपये, कायमचे : खासगीच्या हिशेबावरून लहान धर्मादाय संस्थेची प्रकृती

आमच्या स्नेहलतागंजाला तुकोजीराव होळकर (तिसरे) यांच्या कन्या स्नेहलताराजे यांचं नाव आहे. शेजारची तुकोगंज, मनोरमागंज ही नावंही त्याच घराण्यातली. या वस्त्यांतून मराठी माणसांच्या लहान लहान धर्मादाय संस्था पुष्कळ आहेत. कुठे देऊळ आणि त्यामागची दोन खोल्यांची धर्मशाळा, कुठे गरजू मुलांना फी-पुस्तकं देणारा निधी, कुठे वाचनालय. कार्यकारिणीवर आपल्यातलंच कोणीतरी असतं. वार्षिक सभेत कोषाध्यक्ष उभे राहतात, खर्च वजा जाता यंदा इतकी शिल्लक राहिली असं सांगतात, हिशेब मंजूर होतो आणि पोह्यांच्या बशा फिरू लागतात.

मी हिशेबनिशीत आयुष्य काढलं, त्यामुळे अशा सभेनंतर हमखास कोणीतरी मला बाजूला घेऊन विचारतं, "काय हो, आपली संस्था ठीक आहे ना?" शिल्लक आहे म्हणजे ठीकच असणार, असा त्यामागचा समज असतो. या प्रश्नाला मला सर्वात चांगलं उत्तर सापडलं ते अकाउंटच्या पुस्तकात नाही, तर इंदूरच्याच इतिहासात. ते उत्तर म्हणजे एक आकडा आहे : २,९१,९५२ रुपये. हा आकडा कुठून आला आणि त्याचं पुढे काय झालं, हे या निबंधात मांडतो आहे.

खासगी आणि दौलत

होळकरांच्या कारभारात पैशाचे दोन कप्पे होते. एक दौलत, म्हणजे राज्याचा खजिना. त्यातून फौज, किल्ले, कारभार चालायचा. दुसरा कप्पा खासगी, म्हणजे राणीच्या स्वतंत्र मालकीचं उत्पन्न. १७३४ मध्ये पेशव्यांकडून मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे खासगी जहागीर मिळाली. माळव्यातले महाल आणि दक्षिणेतली काही गावं मिळून तिचं उत्पन्न वर्षाला सुमारे तीन लाख रुपये धरलं होतं. गौतमाबाईंच्या पश्चात ही खासगी अहिल्याबाईंकडे आली.

सर जॉन माल्कम यांनी १८२३ साली मध्य हिंदुस्थानावरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा अहिल्याबाईंना जाऊन अठ्ठावीस वर्षंच झाली होती. त्यांना पाहिलेली माणसं अजून हयात होती आणि माल्कमने त्यांच्याकडून माहिती घेतली. त्याच्या म्हणण्याप्रमाणे बाईंच्या हाती आलेला खजिना दोन कोटींचा होता आणि खासगी गावांचं उत्पन्न वर्षाला चार लाखांच्या घरात होतं. तुळशीपत्र आणि पाणी सोडून त्यांनी हे द्रव्य धर्मकार्याला वाहिलं.

काशी, गया, सोमनाथ, हरिद्वार अशी ठिकाणांची यादी आपल्याला पाठ असते. शाळेत तीच शिकवतात. हिशेबाच्या नजरेने पाहिलं तर मात्र बांधकामांच्या यादीहून दुसरी एक गोष्ट मोठी वाटते. माल्कम नोंदवतो की ठिकठिकाणी बाईंनी माणसं नेमली होती आणि दानधर्मासाठी दरसाल रकमा तिथे पोचत्या केल्या जात. म्हणजे घाट बांधून झाला की विषय संपला, असं नव्हतं. पुजारी, झाडलोट, नंदादीप, अन्नछत्र, डागडुजी असा पुढचा दरवर्षीचा खर्चही खासगीच्या उत्पन्नाला बांधून दिलेला होता. आणि ते उत्पन्न जमिनीचं होतं. धान्य महागलं की जमिनीचा वसूलही कालांतराने वर सरकतो. दुष्काळात तो बुडतो, हेही खरं. पण जी वस्तू अन्नछत्राला विकत घ्यावी लागते, तीच वस्तू ती जमीन पिकवते. खर्च आणि उत्पन्न एकाच दिशेने चालतात, ही या व्यवस्थेतली खरी मेख आहे.

१३ ऑगस्ट १७९५ रोजी अहिल्याबाई गेल्या. मंदसोरच्या १८१८ च्या तहानंतर राजधानी इंदूरला आली. खासगीचं खातं पुढेही वेगळं राहिलं आणि त्यातून या धर्मादायांचा खर्च चालत राहिला.

जमीन गेली, आकडा राहिला

२२ एप्रिल १९४८ रोजी ग्वाल्हेर, इंदूर आणि माळव्यातल्या इतर संस्थानांच्या राजांनी मध्य भारत संघाच्या करारावर सह्या केल्या. प्रत्येक राजाची खासगी मालमत्ता कोणती आणि राज्याची कोणती, याच्या याद्या करायच्या होत्या. इंदूरच्या बाबतीत साहजिकच खासगीचा प्रश्न आला. महाराजांची वैयक्तिक मालमत्ता म्हणावी तर तिचं उत्पन्न धर्मकार्याला वाहिलेलं. राज्याची म्हणावी तर ती पिढ्यान्‌पिढ्या वेगळी ठेवलेली.

मे १९४९ मध्ये भारत सरकारच्या संस्थान खात्याशी झालेल्या पत्रव्यवहारात तोडगा निघाला. खासगीची मालमत्ता आणि तिचं उत्पन्न मध्य भारत सरकारकडे कायमचं जावं. त्याच्या मोबदल्यात सरकारने अहिल्याबाईंच्या धर्मादायांसाठी दरसाल २,९१,९५२ रुपये बाजूला काढावेत आणि तेही कायमचे. त्या रकमेतून धर्मादाय चालवण्यासाठी कायमस्वरूपी ट्रस्ट व्हावा.

त्या वर्षापुरतं पाहिलं तर हा सौदा वाईट नव्हता. गेलेल्या उत्पन्नाच्या बदल्यात दरसालची ठरलेली रक्कम मिळाली. वसुलीची कटकट नाही, कूळकायद्याची भीती नाही, अवर्षणाची धास्ती नाही. जमीनदाऱ्या आणि जहागिऱ्या तर पुढच्या काही वर्षांत कायद्याने जाणारच होत्या, म्हणजे गावं हातात ठेवूनही ती टिकली नसती. १९४९ चा ताळेबंद कोणत्याही तपासनिसाने बिनशेऱ्याने मंजूर केला असता.

एकच गोष्ट त्या कलमात नव्हती. महागाई वाढली तर ही रक्कमही वाढेल, असं त्यात कुठे म्हटलं नव्हतं. "कायमचे" या शब्दाने दिलासा दिला, पण कायम राहणार होता तो आकडा. त्या आकड्यात काय काय विकत येईल, ते कायम राहणार नव्हतं. गंमत अशी की १७३४ चं उत्पन्न सुमारे तीन लाख आणि १९४९ ची नेमणूक २,९१,९५२. दोनशे पंधरा वर्षांनी आकडा जवळपास तिथेच. पेशवाईतले तीन लाख आणि स्वतंत्र भारतातले तीन लाख यांतला फरक मात्र कागदावर दिसत नाही.

एका देवळाच्या वाट्याला किती?

यशवंतराव होळकर (दुसरे) डिसेंबर १९६१ मध्ये गेले. त्यानंतर २७ जून १९६२ रोजी महाराणी उषादेवी यांनी खासगी (देवी अहिल्याबाई होळकर चॅरिटीज) ट्रस्टचं न्यासपत्र केलं. विश्वस्तांत सरकारने नेमलेली माणसंही होती. न्यासपत्राच्या परिशिष्टात एकीकडे ही वार्षिक रक्कम आणि दुसरीकडे २४६ धर्मादाय मालमत्तांची यादी होती. देवळं, घाट, धर्मशाळा, छत्र्या, बागा, कुंड, तेही अनेक राज्यांत विखुरलेले.

आता भागाकार करून पाहू. २,९१,९५२ ला २४६ ने भागलं तर प्रत्येकाच्या वाट्याला वर्षाला सुमारे १,१८७ रुपये येतात. महिन्याला ९९. प्रत्यक्षात पैसा असा समान वाटला जात नाही, मोठ्या देवस्थानाला जास्त लागतो, हे उघड आहे. पण हा भागाकार केला की खासगी ट्रस्ट हे एक मोठं नाव न राहता २४६ लहान संस्थांचा समूह होतो. आणि मग त्यातली प्रत्येक संस्था आपल्या गल्लीतल्या संस्थेसारखी दिसू लागते.

१९६२ मध्ये शंभर-सव्वाशे रुपयांत तोळाभर सोनं येत होतं. महिन्याला ९९ रुपयांत पुजाऱ्याचं मानधन, तेलवात आणि नैवेद्य कसंबसं भागलं असतं. घाटाची ढासळलेली पायरी मात्र त्यात बसवता आली नसती. आज ९९ रुपयांत अर्धा किलो चांगलं तूपही येत नाही.

महागाईचा अंदाज घ्यायला जुन्या कारकुनांची एक युक्ती आहे. ७२ ला महागाईच्या दराने भागायचं, तितक्या वर्षांत खर्च दुप्पट होतो. सरासरी ६ टक्के धरले तर १२ वर्षांत दुप्पट. १९५० ते २०२२ ही ७२ वर्षं, म्हणजे सहा वेळा दुप्पट, म्हणजे चौसष्ट पट. या हिशेबाने १९५० इतकंच काम २०२२ मध्ये करायला साधारण १ कोटी ८७ लाख रुपये लागले असते. उलट बाजूने पाहिलं तर २,९१,९५२ ची ताकद साडेचार हजारांच्या आसपास उरली. दर थोडा इकडेतिकडे धरला तर आकडे बदलतील, पण निष्कर्ष बदलणार नाही.

घाट विकायची पाळी

पुढची हकिगत वर्तमानपत्रांतून बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. १९७२ मध्ये विश्वस्तांनी पुरवणी न्यासपत्र करून मालमत्ता विकण्याचा अधिकार घेतला. मिळणाऱ्या रकमेत इतक्या मालमत्ता सांभाळणं शक्य नाही, हा त्यांचा मुद्दा होता. त्यानंतर काही मालमत्तांची विक्री झाली. हरिद्वारच्या कुशावर्त घाटाचं प्रकरण त्यात सर्वाधिक गाजलं. सरकार आणि ट्रस्ट कोर्टात गेले. ५ ऑक्टोबर २०२० रोजी मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने ट्रस्टच्या विरोधात निर्णय दिला. २१ जुलै २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यात बदल केले. मालमत्ता ट्रस्टच्या आहेत, सरकारच्या नाहीत, हे मान्य केलं. पण खासगी ट्रस्ट हा सार्वजनिक न्यास आहे, त्याला मध्य प्रदेशचा १९५१ चा लोकन्यास कायदा लागू आहे, त्याने त्याखाली नोंदणी करावी आणि झालेल्या विक्रींची चौकशी रजिस्ट्रारने करावी, असंही सांगितलं.

कोण बरोबर, कोण चूक, हा या निबंधाचा विषय नाही. ते कायद्याने ठरेल. मला लक्षात घ्यावीशी वाटते ती क्रमवारी. १९४९ मध्ये वाढत्या खर्चाला न वाढणारी रक्कम जोडली गेली. १९६२ मध्ये ती २४६ मालमत्तांवर पसरली. दहा वर्षांनी, १९७२ मध्ये, विक्रीचा अधिकार आला. घाट विकल्याची बातमी येते तेव्हा आपण दचकतो. पण घाटाचा नंदादीप त्याआधी बरीच वर्षं मंदावत आलेला असतो, आणि त्या वर्षांचे हिशेब कदाचित जमेला खर्च जुळवून नीट मांडलेलेही असतात.

पंधरा लाखांचे कागद

निव्वळ रोख नेमणुकीऐवजी गुंतवणुकीवर संस्था चालवण्याचंही एक मोठं मराठी उदाहरण आहे. महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी दिली. साडेतीन टक्क्यांच्या सरकारी कर्जरोख्यांवर हिशेब होता, म्हणजे वर्षाला ५२,५०० रुपये. त्या काळी हे फार मोठं उत्पन्न होतं. पण कर्जरोख्याचं व्याजही ठरलेलंच असतं. पुढे विद्यापीठ वाढलं ते फी, सरकारी अनुदान, नव्या देणग्या आणि स्वतः कर्व्यांची पायपीट यांच्या जोरावर. मूळ देणगीने पाया घातला, पण पुढच्या प्रत्येक पिढीला नवीन पैसा आणावाच लागला.

म्हणजे जमीन, रोखे आणि सरकारी नेमणूक या तीन मार्गांत पहिला महागाईबरोबर थोडाफार चालतो, उरलेले दोन जागच्या जागी राहतात. चौथा मार्ग वर्गणीचा. माणसांचे पगार वाढतात तशी वर्गणी वाढवता येते, बशर्ते कोणी ती वाढवायला तयार असेल. आमच्याकडे वीस-वीस वर्षं "वार्षिक वर्गणी १०१ रुपये" हीच पाटी दिसते, ती याला अपवाद आहे असं म्हणवत नाही.

आपल्या संस्थेचा ताळेबंद

हेच आता गल्लीतल्या संस्थेला लावून पाहू. एक काल्पनिक संस्था घेऊ. तिच्याकडे ३० लाखांची मुदत ठेव आहे, तिचं ७ टक्क्यांनी २,१०,००० रुपये व्याज. खालच्या दोन दुकानांचं भाडं १,२०,०००. वर्गणी आणि देणग्या ९०,०००. एकूण ४,२०,०००. खर्च ३,९०,०००. शिल्लक ३०,०००. सभेत टाळ्या.

माझी पेन्सिल इथे तीन ठिकाणी थांबते.

पहिलं, ठेवीची झीज. महागाई ५ टक्के असेल तर ३० लाखांची किंमत टिकवायला वर्षाला दीड लाख त्यातच परत घालायला हवेत. मग व्याजातले खरे खर्चायचे पैसे ६०,००० च राहतात.

दुसरं, इमारत. छप्पर, गिलावा, वीजजोडणी यांवर वीस वर्षांतून एकदा दहा लाख लागणार असतील, तर तो खर्च दरवर्षीचा ५०,००० आहे. पावती अजून फाडलेली नाही, इतकंच. डागडुजी पुढे ढकलून दाखवलेली शिल्लक ही इमारतीकडून घेतलेली उधारी असते.

हे दोन्ही वजा केले की ४,२०,००० पैकी २,२०,००० उरतात आणि खर्च आहे ३,९०,०००. ज्या संस्थेला ३०,००० ची शिल्लक दिसत होती, तिची वर्षाला १,७०,००० ची तूट आहे.

तिसरं, कोणाचा पैसा कोणत्या कामाचा. "आईच्या स्मरणार्थ, व्याजातून दरवर्षी बक्षीस" म्हणून दिलेली ठेव सर्वसाधारण खर्चाला वापरता येत नाही. तीस लाखांत अशा ठेवी किती, ते वेगळं काढल्याशिवाय हाताशी खरंच काय आहे ते कळत नाही. लहान संस्थांच्या ताळेबंदात हे निधी बहुधा एकाच ओळीत गोळा केलेले असतात. हिशेबात लबाडी नसते, वेळ नसतो.

यावर एक आक्षेप नेहमी येतो : आयकराच्या नियमाने उत्पन्नातले ८५ टक्के त्याच वर्षी धर्मादाय कामावर खर्चायला हवेत, मग साठवायचं कसं? प्रश्न रास्त आहे. उरलेले १५ टक्के बिनशर्त ठेवता येतात. त्यापलीकडे ठरावीक कामासाठी, उदाहरणार्थ छप्पर बदलण्यासाठी, रीतसर ठराव आणि अर्ज करून पाच वर्षांपर्यंत रक्कम साठवता येते. स्थायी निधीसाठी म्हणून लेखी सूचनेने आलेली देणगी वेगळ्या नियमांनी जाते. कायदा साठवू देत नाही असं नाही, तो कारण लिहून द्यायला सांगतो. अर्थात आपल्या सीएला विचारूनच हे करावं.

दुसरा आक्षेप : दुकानं विकून टाकू किंवा तीस वर्षांच्या भाड्याने देऊ, पैसा येईल. इथे मध्य प्रदेशातल्या लोकन्यासांना कायद्याने थांबवलं आहे. रजिस्ट्रारच्या पूर्वपरवानगीशिवाय स्थावर मालमत्तेची विक्री, गहाण, अदलाबदल किंवा दान करता येत नाही. शेतजमीन सात वर्षांपेक्षा जास्त आणि इतर जमीन किंवा इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने देता येत नाही. कोणाला ही सरकारी अडवणूक वाटते. पण भाडं दर तीन वर्षांनी नव्याने ठरवावं लागलं तर ते महागाईबरोबर वाढण्याची संधी मिळते. तीस वर्षांचं ठरलेलं भाडं म्हणजे आपल्याच हाताने लिहिलेली आपली २,९१,९५२ ची नेमणूक.

मागची दहा वर्षं एका कागदावर

म्हणून कोणी मला संस्थेची प्रकृती विचारली की मी यंदाची शिल्लक विचारत नाही. मागच्या दहा वर्षांचे ताळेबंद मागतो आणि एका कागदावर तीन रकाने पाडतो. दहा वर्षांपूर्वी किती मुलांना फी दिली आणि आज किती. पुजाऱ्याचं किंवा शिपायाचं मानधन तेव्हा किती आणि आता किती. इमारतीवर शेवटचा मोठा खर्च कधी झाला. पैशांचे आकडे वाढत असूनही मुलांची संख्या कमी झाली असेल, मानधन तेच राहिलं असेल आणि डागडुजीचा रकाना रिकामा असेल, तर संस्था आजारी आहे, मग शिल्लक कितीही दिसो. मुलं, मानधन आणि गिलावा तिन्ही टिकून असतील, तर एखाद्या वर्षीच्या तुटीने घाबरायचं कारण नाही.

हे तीन रकाने भरायला हिशेबनीस लागत नाही. जुने अहवाल मात्र लागतात, आणि ते बहुतेक संस्थांत कपाटावरच्या गठ्ठ्यांत बांधून ठेवलेले असतात, नाहीतर रद्दीत गेलेले असतात. आमच्या मंडळाच्या वाचकांना एक विनंती आहे. आपण ज्या संस्थेचे सभासद असाल, तिचे जुने छापील अहवाल शोधा, त्यांचे फोटो काढून ठेवा आणि पुढच्या वार्षिक सभेच्या आत हा कागद करून कोषाध्यक्षांना द्या. सभेत वर्गणी वाढवण्याचा विषय निघाला, तर तो कागद सगळ्यांसमोर ठेवायला उपयोगी पडेल.